लाळ्या-खुरकुतात हसण्यासारखं काय आहे?

नोकरीच्या सुरुवातीची काही वर्षं मी रत्नागिरीच्या रेडिओ केंद्रात लोकांच्या तक्रारी मोठ्याने वाचून दाखवायचं काम केलं. तसं माझं खरं काम वेगळं होतं. ड्युटी ऑफिसर म्हणून पाळीवर बसायचं, कार्यक्रम वेळेवर लागतात की नाही ते बघायचं आणि पाळी संपली की अहवाल लिहायचा. पण माझं अक्षर बरं होतं आणि आवाज त्याहून बरा. म्हणून दर सोमवारच्या बैठकीत श्रोत्यांची पत्रं वाचायची आणि त्यांचा निकाल रजिस्टरात उतरवायचा, हे जादा काम माझ्या गळ्यात पडलं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मांडवीला आमच्या आळीत तेव्हा टीव्ही एकाच घरात होता आणि तोही बहुतेक वेळ मुंग्याच दाखवायचा. रेडिओ मात्र घरटी एक होता, आणि घरटी एक तरी माणूस त्याच्यावर नाराज होता.

तक्रारींचा निकाल लावायची आमची पद्धत ठरलेली होती. आधी मी पत्र वाचायचं. मग इंजिनिअर त्या दिवसाची टेप लावायचे. संध्याकाळचं सगळं प्रसारण आमच्याकडे जुन्या टेपांवर उतरवून ठेवत, आणि महिन्याने ती टेप पुसून पुन्हा वापरत. साहेबांचा नियम असा, की तक्रारीचा भाग तीनदा ऐकायचा. ज्याच्याविरुद्ध तक्रार असेल त्याने तोवर बाहेरच्या बाकावर बसायचं आणि बोलावल्याशिवाय आत यायचं नाही. तिसऱ्यांदा ऐकून झालं की साहेब पेन्सिल टेबलावर ठेवायचे आणि मी लिहायचो, ‘तक्रारीत तथ्य आढळले नाही.’ हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलं, की एकदा घरी वाण्याच्या यादीखालीही तेच लिहून ठेवलं होतं.

तथ्य आढळायचं नाही यात नवल काही नव्हतं. आम्ही ऐकायचो बंद खोलीत, भिंतीला छिद्रांच्या पाट्या ठोकलेल्या, कपाटाएवढा स्पीकर, बाहेरचा कावळासुद्धा ऐकू येणार नाही असा बंदोबस्त. लोक ऐकायचे गोठ्यात, माजघरात, होडीवर, सेल संपत आलेल्या ट्रान्झिस्टरवर. लांज्याकडच्या एका गृहस्थांनी लिहिलं होतं, की तुमच्या बातम्यांत सतत कोणीतरी पापड भाजत असतो. आम्ही तीनदा ऐकलं. पापड कोणी भाजत नव्हतं. त्यांना तसं कळवलं. त्यांचं उलट कार्ड आलं, की मग आमच्या घरी येऊन ऐका, जेवायलाच या. त्या कार्डावर काय निकाल लिहावा हे कोणाला कळेना. शेवटी साहेबांनी ते ‘निमंत्रण’ म्हणून वेगळ्या फायलीत लावायला सांगितलं.

आमचे साहेब घाटावरचे. माणूस सज्जन, कामाला वाघ, पण कोकणी माणसाचा स्वभाव त्यांना शेवटपर्यंत समजला नाही. घाटावर माणसाला एखादी गोष्ट आवडली की तो तसं सांगतो म्हणे. आमच्याकडे अशी पद्धत नाही. जावयाने आमटी तीनदा मागून घ्यावी आणि हात धुताना म्हणावं, मीठ जरा कमीच होतं. सासूने यातून ओळखायचं, की स्वयंपाक उत्तम झाला. खरंच बिघडला असेल तर जावई काही न बोलता सुपारी कातरत बसतो. रेडिओचंही तसंच होतं. जो माणूस दर आठवड्याला आम्हाला नावं ठेवायचा तो आमचा पक्का श्रोता, आणि हे केंद्रातला शिपाईसुद्धा जाणून होता. साहेब मात्र प्रत्येक कार्ड वाचून कपाळाला हात लावायचे.

आमच्या पक्क्या श्रोत्यांमध्ये पहिला मान हेदवीजवळच्या एका निवृत्त हेडमास्तरांचा. त्यांचं कार्ड दर गुरुवारी यायचं. बारीक, सरळ अक्षर, चुकांना क्रमांक घातलेले, डाव्या बाजूला समास. ‘मंगळवारी निवेदक तीन सेकंद आधी बोलला. बुधवारी बासरीचा तुकडा मध्येच कापला, वाजवणाऱ्याला काय वाटले असेल? भाताच्या बियाण्याची माहिती चांगली, पण सांगणारा बहुधा भात फक्त जेवतो.’ मास्तर वही आणि गजराचं घड्याळ घेऊन रेडिओसमोर बसतात, असं त्यांच्या गावच्या पोस्टमनने आमच्या एका माणसाला सांगितलं होतं. सहा वर्षांत त्यांची एकही तक्रार मान्य झालेली नव्हती आणि त्यांचं त्यात काही अडलंही नव्हतं. दर खेपेला आम्ही तथ्य आढळले नाही असं कळवायचो आणि दर गुरुवारी त्यांचं पुढचं कार्ड हजर.

आता केंद्रातल्या एका मुलीबद्दल सांगायला हवं. मुलगी म्हणजे लग्न झालेली, पंचविशीची. तालुक्यातल्या आतल्या गावातून संध्याकाळच्या एस.टी.ने यायची आणि शेवटच्या गाडीने परत जायची. नवरा मुंबईला नोकरीला. घरी सासू, दोन म्हशी आणि नवऱ्याने पाठवलेला ट्रान्झिस्टर. आवाजाच्या चाचणीत ती दोनदा नापास झाली होती, तिसऱ्यांदा पास झाली आणि महिन्यातून सहा संध्याकाळी तिला निवेदिकेच्या पाळ्या मिळायला लागल्या. पाळ्या म्हणजे कायमची नोकरी नव्हे. साहेबांनी पुढच्या महिन्याच्या तक्त्यात नाव घातलं तर यायचं, नाही घातलं तर घरी. सासूला तिने मोठ्या मिनतवारीने राजी केलं होतं, आणि राजी झाल्यावर त्याच सासूने पाळीच्या दिवशी ट्रान्झिस्टर ओटीवर आणून ठेवायला सुरुवात केली. अर्धी वाडी सुनेचा आवाज ऐकायला जमायची. त्यामुळे तो आवाज रेडिओवर यायचा बंद झाला, तर गावात वेगळी दवंडी द्यायची गरज पडणार नव्हती.

तिचा आवाज खरोखर चांगला होता. स्वच्छ, थोडा खालच्या पट्टीतला, आणि वाचताना घरातल्याच कुणाशी बोलावं तसा. दोष एकच, हसू पटकन यायचं. आणि मला तेव्हा लोकांना हसवायचा नाद होता. निवेदक आत काचेपलीकडे बसायचा आणि मी अलीकडे. आत आवाज गेलेला चालत नाही, पण खाणाखुणा कोण अडवणार? निवेदकाने गंभीर चेहऱ्याने बाजारभाव वाचत असावं आणि मी अलीकडून नारळ सोलायचा अभिनय करावा, असे आमचे खेळ. जुने निवेदक मुरलेले होते, ते माझ्याकडे बघायचेच नाहीत.

त्या संध्याकाळी ती शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात गुरांच्या लाळ्या-खुरकुत रोगाची माहिती वाचत होती. मी पेन्सिलीने काचेवर हळूच टकटक केली. तिने वर पाहिलं. ती वाचत होती, ‘जनावराच्या तोंडातून लाळ गळू लागते,’ आणि मी जीभ बाहेर काढून मान खाली घातली. ती वाचत होती, ‘जनावर लंगडू लागते,’ आणि मी चौथ्या पायाच्या जागी खुर्ची धरून खोलीभर लंगडलो. तिने ओठ घट्ट मिटले, पुढचं वाक्य धरलं, आणि ‘दुभत्या जनावरांचे दूध’ इथे तिचं हसू फुटलं. खुदकन, दोन सेकंदांचं. लगेच सावरून तिने पुढचं नीट वाचलं. मी खुर्चीवर बसलो, डोळे पुसले आणि अहवालात लिहिलं, ‘प्रसारण सुरळीत.’

गुरुवारी मास्तरांचं कार्ड आलं. त्यात एकच मुद्दा होता, तरी त्याला क्रमांक घातलेला होता. ‘१. लाळ्या-खुरकुतात हसण्यासारखे काय आहे? माझ्या शेजाऱ्याचा बैल याच रोगाने बसला आहे. त्याने हे ऐकले.’ मी ते दोनदा वाचलं. पण मग मीच मला समजावलं, की सोमवारी तीनदा ऐकतील आणि तथ्य आढळणार नाही.

नेमकं त्याच आठवड्यात वरून साहेबांना पत्र आलं होतं. तुमच्या केंद्राच्या रजिस्टरात गेल्या कित्येक वर्षांत एकही तक्रार मान्य झालेली दिसत नाही, तरी श्रोते नेहमीच कसे चुकतात याचा खुलासा करावा. साहेब सकाळपासून अस्वस्थ होते. त्यांना एक खरी तक्रार हवी होती. स्पष्ट ऐकू येणारी, दोनच सेकंदांची, कोणाला वाद घालता येणार नाही अशी. मास्तरांचं कार्ड मी वाचून संपवलं तेव्हा साहेबांच्या चेहऱ्यावर जे समाधान मी पाहिलं, ते त्यांच्या बढतीच्या दिवशीही दिसलं नाही.

टेप तीनदा वाजली. त्या भल्यामोठ्या स्पीकरवर ते हसू केवढं वाटलं. साहेबांनी मला विचारलं, “तुम्ही होतात ना पाळीवर? अहवालात काही नाही.”

“माझ्या लक्षात आलं नाही, साहेब,” मी म्हणालो.

“कार्यक्रम ऐकत नव्हता?”

“टेपा बदलत होतो.”

तिला आत बोलावलं. साहेबांनी विचारलं, हसलात का? ती म्हणाली, हो. कशाला हसलात? ती गप्प. साहेबांनी पुन्हा विचारलं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे, आणि म्हणाली, “चूक झाली.” मी रजिस्टरवरची ओळ न् ओळ वाचत असल्यासारखा खाली मान घालून बसलो. साहेबांनी सांगितलं आणि मी माझ्या बऱ्या अक्षरात लिहिलं, ‘तक्रारीत तथ्य आढळले. सदर निवेदिकेस पुढील सूचनेपर्यंत पाळ्या देऊ नयेत.’ मास्तरांना पाठवायची प्रतही मीच तयार केली.

त्यानंतरचे दिवस मला आजही आठवले तरी लाज वाटते. मी वाईट माणूस नव्हतो, घाबरट होतो. माझी नोकरी पक्की व्हायची होती आणि साहेब शिस्तीचे होते. मी हिशेब केला तो एवढाच, की महिना झाला की ती टेप पुसली जाईल. मग कधीतरी साहेबांचा राग उतरल्यावर आपण तिच्यासाठी शब्द टाकू. मी कॅलेंडरकडे बघायचो. बाजारात तिच्या गावचा एक माणूस भेटला, तर त्याने सांगितलं, की सासूने ट्रान्झिस्टर परत माजघरात नेऊन ठेवला आहे, आणि बायका सासूला विचारतात, “काय गो, सून नापास झाली की काय?” मी त्याच्याकडून नको असताना दोन फणस विकत घेतले.

टेप पुसायला चार दिवस उरले असताना शिपाई सांगत आला, “मास्तर आलेत, हेदवीचे. धोतर गुडघ्यापातूर भिजलाय. नुसती वही हाय हातात.”

मास्तरांना आम्ही कोणीच पाहिलेलं नव्हतं. सहा वर्षांच्या कार्डांवरून माझ्या डोळ्यांसमोर एक उंच, करडा माणूस होता. प्रत्यक्षात आले ते पाच फुटांचे, बारीक, कानात अत्तराचा फाया. पहाटे निघून होडीने जयगडची खाडी ओलांडून, तिथून एस.टी.ने आले होते. साहेब धावत पुढे आले. त्यांच्या दृष्टीने हा केंद्राचा एकमेव समाधानी तक्रारदार होता.

“बसा, मास्तर. तुमच्या तक्रारीची आम्ही दखल घेतली.”

“ती घेतलीत म्हणून तर यावं लागलं,” मास्तर म्हणाले. “अहो साहेब, सहा वर्षं मी तुम्हाला लिहितोय. तुम्ही कधी मनावर घेतलं नाहीत. मग आत्ताच काय झालं?”

साहेबांनी रजिस्टर पुढे ओढलं. “पण तुम्हीच लिहिलंत, की ती हसली.”

“हसलीच. ते लिहायला नको? पण मी लिहिलं म्हणून तिला घरी बसवायची? मी वर्गात दिवसाला चाळीस चुका काढायचो, साहेब. म्हणून काय चाळीस पोरांची नावं काढली शाळेतून? ती एकच आहे तुमच्याकडे, जी वाचते ते मला कळतं. बाकीचे नुसते बोलतात. शेजाऱ्याचा बैल उठला, तो शेजारीही विचारतोय, ती बाई कुठे गेली म्हणून.”

“तुम्हाला ती आवडते, तर तसं कधी कळवलं नाहीत.”

मास्तरांनी साहेबांकडे खऱ्या आश्चर्याने पाहिलं. “तसं कोण कळवतं?” त्यांनी विचारलं.

साहेब म्हणाले, निर्णय रजिस्टरात गेला आहे, वरही कळवला आहे, आता तक्रार मागे घ्यायचा रकाना नाही. मास्तर म्हणाले, मग मला ती टेप तरी ऐकवा, मी हसू एकदाच ऐकलं होतं. यात नियमाविरुद्ध काही नव्हतं, उलट साहेबांना आवडलं. आम्ही सगळे बंद खोलीत गेलो. मास्तरांनी वही उघडली, पेन्सिल कानावरून काढली आणि डोळे मिटले.

टेप संपल्यावर ते म्हणाले, “जरा मागे घ्या. लाळ गळण्याच्या आधी.” इंजिनिअरनी मागे घेतली. “आणखी मागे. हां. इथे टकटक वाजतंय.”

आम्ही तीनदा ऐकलं होतं, पण हसण्यापासून पुढे. त्याच्या मागचं कोणी ऐकलंच नव्हतं. आता सगळ्यांना ऐकू आलं. बारीक, काचेवरचं, दोनदा.

मास्तर वहीत काही लिहीत म्हणाले, “साहेब, वर्गात हसणारा सापडतो तो नेहमी पुढच्या बाकावरचा. हसवणारा मागे बसून पुस्तकात डोकं घालतो. मी पुष्कळ वर्षं चुकीच्या पोरांना अंगठे धरायला लावले, मग कधीतरी शहाणा झालो. त्या वेळी काचेच्या या बाजूला कोण होतं?”

ते माझ्याकडे बघत नव्हते. कोणीच बघत नव्हतं, कारण साहेबांना ते सुचलंच नव्हतं आणि इंजिनिअर टेप गुंडाळत होते. मी गप्प बसलो असतो तर त्या क्षणीही निभावलं असतं. पण त्या पाच फुटी माणसासमोर मला पुन्हा टेपा बदलता येईनात.

“मी होतो,” मी म्हणालो. “मी गाय झालो होतो.”

साहेबांनी विचारलं, “काय झाला होतात?”

मग मला सगळं सांगावं लागलं. लाळ, लंगडणं, खुर्ची. इंजिनिअर तोंडाला रुमाल लावून बाहेर गेले. साहेब मात्र हसले नाहीत, आणि मास्तरही. मास्तरांनी खिशातून कोरं कार्ड काढलं, तिथेच टेबलावर लिहिलं आणि साहेबांच्या हातात ठेवलं. त्यात क्रमांक एकवर निवेदिकेला पाळ्या न देण्याच्या निर्णयाविरुद्ध तक्रार होती, आणि क्रमांक दोनवर काचेआडच्या गायीविरुद्ध. पोस्टात न टाकलेलं आणि सोमवारची वाट न बघता निकाल लागलेलं ते केंद्राच्या इतिहासातलं एकमेव कार्ड. दोन्ही मुद्द्यांत तथ्य आढळलं. माझ्या अक्षरातच रजिस्टरात चढलं. मला मेमो मिळाला, नोकरी पक्की व्हायला एक वर्ष उशीर झाला आणि पत्रवाचनाचं काम काढून घेतलं, जी शिक्षा मी आनंदाने भोगली.

मास्तरांना एस.टी. स्टँडवर सोडायला मीच गेलो. गाडी सुटताना खिडकीतून म्हणाले, “शनिवारचं नाटक बरं होतं. शेवट जरा लांबला.”

पुढच्या महिन्याच्या तक्त्यात तिचं नाव आलं. पहिल्या संध्याकाळी मी तिच्या आधी येऊन बसलो. काय बोलायचं ते दोन दिवस घोकत होतो. ती आली, पदराने कपाळ पुसलं, कागद लावून घेतले.

“ताई,” मी म्हणालो, “माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला.”

“झाला,” ती म्हणाली. “सासूबाई अजून नीट बोलत नाहीत.” मग कागद सारखे करत ती म्हणाली, “भाऊ, साहेबांनी विचारलं तेव्हा मी काही बोलले नाही, ते कशाला माहिती आहे?”

मला वाटत होतं, की मला माहीत आहे. घाबरली असेल, नाहीतर मोठ्या मनाने मला वाचवलं असेल. गेला महिनाभर मी या दोन्हींपैकी सोयीचं ते धरून चाललो होतो.

“मला वाटलं, तुम्ही बोलाल,” ती म्हणाली. “तुमच्याकडे बघितलं मी. म्हटलं, आता सांगतील. मी मध्ये बोलले तर चुगली केल्यासारखं होईल. घरी जातानाही मला वाटत होतं, मागून शिपायाला पाठवतील. गाडी सुटेपर्यंत मी रस्त्याकडे बघत होते.”

कार्यक्रम सुरू व्हायला दोन मिनिटं होती. ती आत गेली, दार लावून घेतलं, आणि खुर्ची थोडी वळवून काचेकडे पाठ करून बसली.